पोरांचं पडसं, ताप आणि जुलाब: घरी काय द्यायचं, किती द्यायचं, दवाखान्यात कधी निघायचं

दिवाळी सरते, कपाशीची वेचणी जोरात असते, पहाटेचा वारा बोचायला लागतो आणि खानदेशात घरोघरी पोरांची नाकं वाहायला लागतात. आई शेतात, पोर आजीपाशी. औषधाच्या तीन बाटल्या फळीवर, त्यांपैकी एक मागच्या वर्षीची. अशा घरात ताप आला तर काय करायचं, हे इथे क्रमाने मांडलं आहे. ओवा, हळद, आलं यांनी सहसा घात होत नाही. घात होतो अंदाजाने. अंदाजाने पाजलेलं औषध, अंदाजाने कालवलेलं ओआरएस आणि हात लावून ठरवलेला ताप, या तिन्ही ठिकाणी मोजायला शिकलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी खरी असते आणि तिच्यासाठी दवाखाना गाठावा लागतो.

आधी सर्दीचा स्वभाव समजून घ्या. सर्दी विषाणूंमुळे होते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे, त्यावरून पोर कमजोर ठरत नाही. पहिले दोन-तीन दिवस ताप आणि नाक जोरात असतं. सात ते दहा दिवसांत नाक थांबतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो, तो सर्दीच्या ओघातलाच रंग आहे. त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही आणि विषाणूवर ते चालतही नाही. “सुई मारा म्हणजे लवकर उतरेल” असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. सुईने सर्दीचे दिवस कमी होत नाहीत.

सगळ्यात आधी श्वास मोजा

साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही, श्वासाच्या वेगावरून कळतो. हे घरी कुणालाही जमतं. पोर शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजा. रडताना, अंगावर पिताना, तापाने फणफणलेलं असताना आकडा वाढलेला येतो. अंगावरचा कपडा पोटापर्यंत वर करा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे हिशेब चुकतो. आकडा जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त: हा वेगवान श्वास. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आशाताईंना हे आकडे पाठ असतात, त्यांच्याकडून एकदा मोजून दाखवून घ्या.

वेगापेक्षाही गंभीर खूण म्हणजे श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाणं. आजीबाई म्हणतात, “पोऱ्यानं पोट उडी ऱ्हायनं”, म्हणजे पोराचं पोट उडतंय. ते वाक्य ऐकलं की घरगुती उपाय तिथेच थांबवायचे. पोटावर तेल, पानं, शेक काही नको. सातपुड्याच्या पट्ट्यात, मेळघाटापर्यंत, पोट फुगलेल्या आणि धापणाऱ्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईचे चटके देण्याची जुनी रीत आहे. ते दुखणं बहुधा न्यूमोनियाचं असतं. चटक्याने फुप्फुसाला काही मिळत नाही, बाळाला भाजण्याची जखम मात्र मिळते आणि दवाखान्याचा एक दिवस वाया जातो. बिब्बा लावण्याचंही तसंच. त्याच्या तेलाने बाळाची कातडी जळते.

ताप: हाताने नाही, थर्मामीटरने

डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. काख कोरडी पुसा, टोक काखेच्या मध्यभागी ठेवा, हात छातीशी दाबून धरा, बीप वाजेपर्यंत हलवू नका. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइटच्या पुढे ताप समजा. पडद्यावर ३८ दिसलं तर यंत्र सेल्सिअसवर आहे, ३८ म्हणजे १००.४. बाळ गोधडीत गुंडाळलेलं असेल तर एक थर काढा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी कुठलंही औषध देऊ नका, सरळ दवाखाना. या वयात ताप हेच रक्तातल्या जंतुसंसर्गाचं एकमेव लक्षण असू शकतं. उलट, एवढं लहान बाळ नेहमीपेक्षा गार लागत असेल आणि दूध ओढत नसेल, तर तेही तितकंच गंभीर.

तीन महिन्यांच्या पुढे तापाचं औषध द्यायचं ते पोराला बरं वाटावं म्हणून, आकडा ९८.६ वर आणण्यासाठी नाही. १०१ असून पोर खेळतंय, पाणी पितंय, तर औषध न देताही चालतं. १००.५ असून अंग दुखतंय, रडतंय, खात नाही, तर द्या. औषधाने ताप एक-दोन अंश उतरतो, तोही अर्ध्या-एक तासाने. “उतरला नाही” म्हणून तासाभरात दुसरं औषध पाजणं ही घराघरातली चूक आहे. झोपलेल्या पोराला डोससाठी उठवू नका.

अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाच्या किंवा माठाच्या गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, पोराला हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढतो. स्पिरिटने तर कधीच पुसू नका. पण मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर असताना, उन्हातून आलेलं पोर १०४ ने तापलं असेल, गुंगलेलं किंवा बरळत असेल, तर गोष्ट वेगळी. तो उष्माघात आहे. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तसंच भिजत्या अंगाने दवाखान्यात घेऊन निघा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटके येतात. पाहणाऱ्याचं काळीज फाटतं, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. पोराला कुशीवर वळवा, तोंडातला फेस बाहेर वाहू द्या, वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांच्या पुढे झटका चालू राहिला, झटक्यानंतर पोर शुद्धीवर आलं नाही किंवा मान ताठ वाटली तर १०८. पहिला झटका असेल तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पॅरासिटामॉल: वय नाही, वजन बघा

एका वेळचा डोस दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवणं सोपं. चार तासांच्या आत कधीच नाही आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीत दर महिन्याला वजन नोंदवतात, सेविकांकडून ताजा आकडा घ्या आणि बाटलीवर लिहून ठेवा. “दोन वर्षांचा आहे ना, मग एक चमचा” हा हिशेब खरा नाही. दोन वर्षांची दोन पोरं, एक ८ किलोचं आणि एक १३ किलोचं असू शकतं.

गोंधळ होतो तो बाटल्यांमुळे. दुकानात पॅरासिटामॉल पातळ औषधाच्या तीन ताकदी मिळतात. एकात ५ मि.ली.ला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ५ मि.ली.ला २५० मिलिग्रॅम आणि तिसरं तान्ह्या बाळांचं ड्रॉप्स, त्यात प्रत्येक १ मि.ली.ला १०० मिलिग्रॅम. ड्रॉप्सची बाटली छोटी दिसते म्हणून औषध सौम्य वाटतं, प्रत्यक्षात तेच सगळ्यांत कडक. कुणी ड्रॉप्स चमच्याने ५ मि.ली. पाजलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातं, म्हणजे मोठ्या माणसाची एक अख्खी गोळी. असे डोस दोन-तीन वेळा झाले तर यकृत निकामी होऊ शकतं आणि पहिल्या दिवशी पोर बरं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जास्त गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता बाटली घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. पहिल्या काही तासांत गेलं तर त्यावर उतारा असतो.

बाटलीवर १२५/५ लिहिलं असेल तर ६ किलोच्या बाळाला ३ मि.ली., ८ किलोला ४ मि.ली., १० किलोला ५ मि.ली., १२ किलोला ६ मि.ली. बाटली २५०/५ ची असेल तर १५ किलोच्या मुलाला ४ मि.ली., २० किलोला ५ मि.ली. ड्रॉप्स १०० मिलिग्रॅमचे असतील तर ६ किलोच्या बाळाला ०.७ मि.ली., त्याच बाटलीतल्या ड्रॉपरने. घरात एकच ताकद ठेवा, हा सगळ्यात सोपा बंदोबस्त.

चहाच्या चमच्याने मोजू नका. आपल्याकडच्या चमच्यांत ३ पासून ७ मि.ली. पर्यंत काहीही मावतं. बाटलीसोबतचं माप घ्या किंवा दुकानातून सुई नसलेली ५ मि.ली.ची सिरिंज मागा. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू सोडा, नाक दाबून घशात ओतलं तर औषध श्वासनलिकेत जातं. सस्पेन्शन, म्हणजे तळाशी गाळ बसणारं औषध, असेल तर बाटली आधी चांगली हलवा, नाहीतर वरचं पातळ जातं आणि शेवटच्या दिवसांत तळचा कडक गाळ. औषध घेतल्यावर पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस एकदा पुन्हा द्या. त्यानंतरच्या उलटीला पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

आई शेतात जाणार असेल तर कॅलेंडरवर वेळ लिहून जा: “स. ८, ५ मि.ली.” आजीने दिला की तिने खूण करायची. दोघींनी तासाभराच्या अंतराने एकच औषध पाजणं हा कल्पनेतला धोका नाही.

इतर तापाच्या औषधांबद्दल थोडक्यात. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही, फ्लू किंवा कांजिण्यांत तिने मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होतो. निमेसुलाईड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. जुनी पट्टी घरात असेल तर काढून टाका. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड मिसळलेली सरबतं स्वतःच्या मनाने देऊ नका. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ असते आणि डेंग्यूत ही औषधं रक्तस्राव वाढवतात. जुलाबाने सुकलेल्या मुलाच्या किडनीलाही ती झेपत नाहीत.

नाक आणि खोकला: घरातले उपाय, खरे आणि खोटे

तान्ह्या बाळाचं नाक चोंदलं की ते पिऊ शकत नाही, कारण त्याला तोंडाने श्वास घेणं सहज जमत नाही. यावर मिठाच्या पाण्याइतकं चांगलं औषध नाही. दुकानात सलाईनचे नाकाचे थेंब मिळतात. घरी करायचे तर उकळून गार केलेलं ३०० मि.ली. पाणी, त्यात ५ मि.ली.च्या मापाने सपाट अर्धा चमचा बारीक मीठ. स्वच्छ झाकणाच्या बाटलीत एक दिवस ठेवा, दुसऱ्या दिवशी नवं. पाजण्याआधी पाच मिनिटं, बाळ उताणं, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मिनिटभर थांबा आणि सुती कापडाची वात करून बाहेर आलेलं पुसून घ्या. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर नाक झोंबतं आणि बाळ पुढच्या वेळी हात लावू देत नाही.

नाकात तेल मात्र नको. एरंडेल, खोबरेल, तूप, कुठलंही. तेलाचा थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात गेला की तिथे बसून राहतो आणि त्याचा स्वतंत्र न्यूमोनिया होतो, जो लवकर बरा होत नाही.

खोकल्यावर मध खरोखर काम करतो. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा, म्हणजे २.५ ते ५ मि.ली. घशावर थर बसतो, रात्रीचा खोकला कमी होतो. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, बारशालाही नाही, गुटीतही नाही. मधातल्या काही जंतूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. उकळलेला मधसुद्धा यातून सुटत नाही.

पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना काढा चालतो. एक कप पाण्यात तुळशीची पाच-सहा पानं, ठेचलेल्या आल्याचा अर्ध्या इंचाचा तुकडा, गवती चहाची दोन पाती, सुपारीएवढा गूळ. पाऊण कप उरेपर्यंत उकळा, गाळा, कोमट करून दिवसातून दोनदा पाव कप. लवंग, मिरे, दालचिनी मुठीने घालू नका, पोटात आग होते आणि पोर जेवणच सोडतं. दुधात पाव चमचा हळद, घसा दुखत असेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. यांनी आराम पडतो, सर्दीचे दिवस मात्र तेवढेच राहतात, हे लक्षात ठेवूनच करा.

वाफ देताना उकळत्या पातेल्यावर पोराचं डोकं धरणं बंद करा. पातेलं लवंडून मांड्या आणि पोट भाजलेली मुलं दवाखान्यांत येतात. वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही, त्यामानाने धोका फार मोठा.

ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळाच्या छातीवर ठेवण्याआधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद ठेवून बघा. आपल्याला चटका लागला तर बाळाला भाजेल. तिच्यात कापूर घालू नका. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला किंवा कातडीतून शिरला तर झटके येतात. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर-निलगिरीचे मलम छातीला, नाकाला लावायचे नाहीत.

धुरी हा आपल्याकडचा सगळ्यात हट्टी उपाय. शेणीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून बाळ धुरावर धरतात. धूर आजारी श्वासनळीला आणखी सुजवतो. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळत असताना खोकणारं पोर चुलीपासून दूर, दाराजवळ ठेवा, याचा काढ्यापेक्षा जास्त उपयोग होतो. थंडीत दार-खिडक्या बंद करून खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते उठवत नाही.

गुटीबद्दल स्पष्टच लिहायला हवं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग उगाळून दिलेली गुटी कितीही मायेने दिली तरी सहाणेवरचे जंतू तिच्याबरोबर जातात. जायफळ जास्त झालं की बाळ “शांत झोपतं”, ती झोप गुंगीची असते.

खोकल्याची सरबतं

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, खोकल्याच्या सरबतातल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने किडनी निकामी होऊन लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत, पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली सरबतं चार वर्षांखाली नकोत, हा आदेश २०२३ च्या डिसेंबरपासूनच आहे. म्हणून दुकानातून “लहान पोराचं खोकल्याचं द्या” म्हणून बाटली घेणं थांबवा. या सरबतांत बऱ्याचदा पॅरासिटामॉलही असतं. वेगळं तापाचं औषध चालू असेल तर नकळत डोस दुप्पट होतो.

मोठ्यांचं थोडक्यात. क्लोरफेनिरामिनच्या गोळीने झोप येते, ती घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवू नका. रक्तदाबाचा त्रास असेल तर फेनिलएफ्रिन असलेली सर्दीची गोळी टाळा. नाक मोकळं करणारे औषधी थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त घेतले तर नाक औषधाविना उघडतच नाही. आईला सर्दी असली तरी बाळाला अंगावर पाजायचं. नाकातोंडाला रुमाल बांधा, हात साबणाने धुवा आणि पाजा.

उलट्या-जुलाब

उन्हाळा आणि पहिला पाऊस, दोन्ही वेळा पोरांना जुलाब लागतात. इथे जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्याने, म्हणून औषध म्हणजे ओआरएस. पाकिटावर किती पाण्यासाठी ते वाचा. मोठं पाकीट, २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटरसाठी असतं. ते पेलाभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण जीवघेणं वाढतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या करू नका, पुडीत क्षार सारखे मिसळलेले नसतात. तांब्याचं माप घरोघरी वेगळं, म्हणून पाण्याची एक लिटरची बाटली धुऊन मापाला ठेवा. पाणी उकळून गार केलेलं, पुडी पूर्ण ओता, विरघळवा, चव घ्या: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर चुकलं आहे. चोवीस तासांनी उरलेलं फेका. साखर, दूध, सरबत काही मिसळू नका.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मि.ली., दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मि.ली. चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी हळू, दोन मिनिटांनी एक चमचा. बहुतेक घरी इथेच हार मानतात: “पाजलं की ओकतो, म्हणून बंद केलं.” ओकूनही बरंचसं पोटात राहतं.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ५ मि.ली.च्या मापाने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, पाकीट आणायला माणूस जाईपर्यंत. चमचा सपाट म्हणजे सुरीने काठापर्यंत ओढलेला. नावात ओआरएस लिहिलेली गोड पेयं दुकानांत वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते, म्हणून औषधाच्या दुकानातलं, प्रमाण लिहिलेलं पाकीटच घ्या. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत मिळतं.

सोबत झिंक, १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी, त्यापुढे रोज पूर्ण २०. चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी पूर्ण करा, पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्याने कमी होतात. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना नाहीत.

खाणं बंद ठेवू नका. मऊ मुगाची खिचडी, दादर ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी, घट्ट वरण-भात (नुसतं वरणाचं पाणी नको), ताजं ताक. आणि केळी. केळीच्या मुलखात राहून “केळ्याने कफ होतो” म्हणून पोराच्या हातचं केळं काढून घेतलेलं बघवत नाही. केळं मऊ आहे, पचतं, जुलाबात गेलेलं पोटॅशियम परत देतं आणि सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही. बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त द्या, गेलेलं वजन तेव्हाच भरतं.

अंगावर पुरळ

गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. २०२२ च्या अखेरीस मुंबईबरोबर आपल्या शेजारच्या मालेगावातही मोठी साथ आली होती. गोवरात मुलं पुरळाने नाही, नंतरच्या न्यूमोनियाने आणि जुलाबाने दगावतात. म्हणून “देवी आली” म्हणत घरात बसवून ठेवू नका. पाहुण्यांना दूर ठेवणं, कडुलिंबाचा डहाळा दाराला लावणं यात नुकसान काही नाही, पण आळणी आणि अर्धपोटी ठेवण्यात आहे. आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळतात, त्यांनी डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. लस ९ ते १२ महिन्यांत एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्यांनी लसीकरणाचं कार्ड सोबत न्यावं, दुसरा डोस तिथल्या केंद्रातही मिळतो.

कांजिण्यांत पाण्याचे फोड लाटांनी येतात. नखं कापा, रोज कोमट पाण्याने आंघोळ घाला, खाजेवर कॅलामाइनचं लोशन. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. गालफुगीत मऊ खाणं, आंबट नको कारण जबडा ठणकतो. पाच दिवस घरी. मुलग्याच्या अंडकोषात दुखलं, किंवा डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या तर दाखवा.

कान दुखला तर लसणाचं गरम तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं. पॅरासिटामॉल द्या, कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

फळीवर काय ठेवायचं

एका ताकदीचं पॅरासिटामॉल, ओआरएसची चार पाकिटं, झिंकच्या गोळ्या, सलाईनचे थेंब, थर्मामीटर, सिरिंज. बस. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये वरची फळी भट्टीसारखी तापते आणि औषधं ३० अंशांखाली ठेवायची असतात. म्हणून डबा खालच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीच्या बाजूला, पोरांचा हात पोचणार नाही असा कुलूप लावून ठेवा. बाटली उघडली ती तारीख झाकणावर लिहा. रंग बदलला, खडे धरले किंवा लेबलवरची मुदत संपली की फेका. ओआरएसची पुडी घट्ट गोळा झाली असेल तर तीही.

लगेच निघायचं ते कधी

बाळ अंगावर पीत नाही किंवा काहीच गिळत नाही, प्यालेलं सगळं ओकतं, झटका आला, गुंगलेलं आहे, उठवूनही नीट उठत नाही, श्वास घेताना छाती आत जाते किंवा घरघर आवाज येतो, ओठ निळसर, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी हळू खाली बसते, शौचात रक्त, ताप तीन दिवसांपेक्षा जास्त. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरल्यानंतर पोट दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा हातपाय गार पडले तर ताप उतरला म्हणून निवांत होऊ नका. धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात.

१०८ ला फोन करताना गाव, तालुका, जवळची खूण आणि मुलाचं वय सांगा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुवा-मोलगीच्या पाड्यांवर गाडी दारापर्यंत येत नाही, म्हणून आशाताईंना लगेच कळवा आणि रस्त्यावर कुठे भेटायचं ते ठरवून निघा. सोबत लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहिलेला कागद घ्या. बाळाला टोपी घालून आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरा, वर पदर किंवा गोधडी, नाक मोकळं. शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेत अंगावर पाजत राहा, जुलाब असतील तर ओआरएसची बाटली आणि चमचा हाताशी ठेवा. गुंगीत असलेल्या पोराच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका.